थंडीत फुलणारी सुवासिक झुडपं: आधी जागा बघा, मग झाड निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की हिवाळ्यात बाग एकदम ओकीबोकी दिसते म्हणून त्या दिवसांत फुलणारी, वास येणारी झुडपं लावायचीत, पण विंटरस्वीट लावून चार वर्षं झाली तरी एक फूल नाही, डॅफ्नी चांगली वाढत असताना आठवड्याभरात वाळून गेली, आणि विच हेझल दरवर्षी फुलतं पण त्याला वासच येत नाही. तिन्हीची कारणं वेगळी आहेत, ती पुढे एकेक करून सांगतो. पण त्याआधी जागेबद्दल बोलूया, कारण इतकी वर्षं लोकांच्या बागा बघून माझं पक्कं मत झालंय की हिवाळी सुवासाच्या बाबतीत निम्म्याहून जास्त निराशा ही चुकीच्या जागेमुळे येते, झाड बिचारं आपलं काम करत असतं.

उन्हाळ्यात आपण बागेत रेंगाळतो, खुर्ची टाकून बसतो. थंडीत कोण बसतंय? दारातून बाहेर पडलो, गाडीपर्यंत किंवा फाटकापर्यंत गेलो, कचरा टाकला, परत आत. म्हणजे हिवाळ्यात बाग म्हणजे तुमच्यासाठी ती दहा-वीस पावलांची वाट असते, आणि सुवासिक झुडूप त्या वाटेवरच पाहिजे. बागेच्या पार मागच्या कोपऱ्यात कितीही भारी झाड लावलं तरी जानेवारीत त्याच्यापर्यंत तुम्ही जाणार नाही. तेव्हा कागद घ्या आणि थंडीत तुम्ही रोज कुठून कुठे चालता ती रेघ काढा, आणि त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना हाताच्या अंतरावर जिथे जिथे माती आहे तिथे खुणा करा. झाडांची नावं त्यानंतर.

दुसरी गोष्ट वारा. सुवास म्हणजे पाकळ्यांतून हवेत जाणारी तेलं, आणि सतत वारा असेल तर ती तयार होतील तशी उडून जातात, साठून राहत नाहीत. दोन भिंतींचा कोपरा, कुंपणाच्या आडोशाची जागा, दाट सदाहरित झाडाच्या पाठीमागची जागा, अशा ठिकाणी हवा थांबते आणि वास तरंगत राहतो. तेच झाड उघड्यावर लावा, नाक फुलाला लावल्याशिवाय पत्ता लागणार नाही. पण आडोसा बघताना एक सांभाळा, थंड हवा जड असते आणि उतारावरून खाली येऊन खोलगट भागात साचते, भक्कम भिंतीच्या वरच्या अंगालाही साचते, तिथे दंव सगळ्यात जास्त पडतं आणि कळ्या काळ्या पडतात. म्हणजे वाऱ्यापासून आडोसा पाहिजे पण थंडीचं डबकं नको.

आता वास का येत नाही त्याबद्दल. थंडीत किडे-मधमाश्या फार कमी बाहेर पडतात, एखाद्या उन्हाच्या दुपारी तासभर मोठ्या, भुंग्यासारख्या केसाळ माश्या फिरतात तेवढंच, त्यामुळे या झाडांना लांबून बोलावणं धाडावं लागतं, म्हणून फुलं छोटी पण वास दांडगा, आणि फुलणंही एकदम न होता आठवडेच्या आठवडे थोडं थोडं चालू राहतं. पण ही तेलं कडाक्याच्या थंडीत हवेत नीट जात नाहीत. त्यामुळे सकाळी पारा शून्याखाली असताना तुम्ही फूल हुंगलं तर काही येणार नाही, आणि त्याच दिवशी दुपारी ऊन पडून हवा शांत झाली की तेच झाड दहा पावलांवरून जाणवतं. तेव्हा तुमच्या विच हेझलबद्दल निकाल देण्याआधी एकदा शांत, ढिल्या थंडीच्या दुपारी जाऊन बघा.

तरीही नाही आला तर मग जात बघा. विच हेझलमध्ये रंगावरून बराच अंदाज येतो, पिवळ्या फुलांच्या जाती साधारणपणे जास्त वासाच्या, आणि तांबड्या जातींना वास कमी, काहींना जवळजवळ नाहीच. 'डायान' ही लाल जात दिसायला फार देखणी आहे पण वासासाठी ती घेऊ नये. 'येलेना' तांबूस नारिंगी, वास हलका. वासासाठी घ्यायची तर मूळ चिनी जात हॅमॅमेलिस मॉलिस, किंवा फिकट पिवळी 'पॅलिडा', किंवा 'अर्नोल्ड प्रॉमिस' जी अमेरिकेतल्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानात तयार झाली आणि जरा उशिरा फुलते. 'पॅलिडा' माझी सगळ्यात आवडती, कारण फिकट पिवळा रंग थंडीच्या मळकट उजेडातही लांबून दिसतो, गडद लाल फुलं त्याच उजेडात फांद्यांमध्ये हरवून जातात.

विच हेझलचं फूल एकदा जवळून बघाच. चार पाकळ्या, प्रत्येक पाकळी म्हणजे दीड-दोन सेंटीमीटरची चुरगळलेली अरुंद फीत, आणि कडक दंव पडलं की ही फीत स्वतःभोवती गुंडाळून घेते, ऊब आली की पुन्हा उलगडते. त्यामुळेच पारा शून्याच्या बराच खाली गेला तरी फुलं टिकतात, जिथे दुसऱ्या झाडांची फुलं एका रात्रीत तपकिरी होतात.

या झाडाची एक अडचण मात्र नर्सरीवाले सहसा सांगत नाहीत. बाजारातली बहुतेक विच हेझल अमेरिकन जातीच्या म्हणजे हॅमॅमेलिस व्हर्जिनियानाच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकटच्या खालच्या झाडावर, कलम केलेली असतात, आणि कलमाच्या जोडाखालून खुंटाचे फुटवे येतात. ते जोमदार असतात, लक्ष दिलं नाही तर काही वर्षांत कलमाला मागे टाकतात. ओळखायचं कसं, तर फुटवा जोडाच्या खालून किंवा थेट मातीतून आलेला असतो, आणि त्याला फुलं आली तर ती हिवाळ्याच्या ऐन मध्यात न येता शरदात येतात, बारीक, फिकट पिवळी. असा फुटवा कात्रीने कापला की तिथूनच पुन्हा दोन येतात, म्हणून माती बाजूला सारून तो जिथून निघालाय तिथून ओढून उपटायचा. आणि थंडीत वाळकी पानं फांद्यांना चिकटून राहतात म्हणून काळजी करू नका, कोवळ्या वयाच्या झाडांवर हे बऱ्याचदा होतं. फुलं झाकली जात असतील तर हाताने काढून टाका.

माती त्याला आम्ल ते उदासीन लागते, निचऱ्याची पण ओल धरणारी. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडतात आणि झाड कुढत राहतं. शिवाय पुढच्या हंगामाच्या कळ्या उन्हाळ्यातच (थंड प्रदेशातला उन्हाळा, जून ते ऑगस्ट) तयार होत असतात, म्हणून उन्हाळ्यात पाणी तोडलं तर त्याची शिक्षा सहा महिन्यांनी मिळते, आणि तेव्हा लोकांना वाटतं की खत कमी पडलं. खत कमी पडलेलं नसतं, जुलै-ऑगस्टमध्ये पाणी कमी पडलेलं असतं. दक्षिण गोलार्धात असाल तर हे महिने सहा महिने पुढे धरा, पुढेही सगळीकडे तसंच.

आता विंटरस्वीट, म्हणजे चिमोनॅन्थस प्रेकॉक्स. हे झाड चीनचं, आणि माझ्या मते वासात याच्या तोडीचं हिवाळ्यात दुसरं काही नाही. एरवी बघावं तर अगदी साधं झुडूप, तीन-चार मीटर वाढणारं, लांब पानं, आणि पानावरून हात फिरवला तर वरची बाजू सँडपेपरसारखी खरखरीत लागते, नर्सरीत लेबल हरवलं असेल तर ओळखायची ही सोपी खूण. पण डिसेंबर-जानेवारीत निष्पर्ण काड्यांवर खाली मान घातलेली, दोन-अडीच सेंटीमीटरची फुलं येतात, बाहेरच्या पाकळ्या मेणाच्या पातळ पापुद्र्यासारख्या, आरपार उजेड जाईल अशा फिकट पिवळ्या, आणि आत जांभळट तपकिरी छोट्या पाकळ्यांचं कडं. एक काडी तोडून घरात पाण्यात ठेवली तर खोली भरून जाते.

चार वर्षं फुललं नाही याची बहुतेक करून तीन कारणं असतात. पहिलं, रोप बियांपासूनचं आहे. बियांचं विंटरस्वीट पाच वर्षांच्या आत क्वचितच फुलतं, दहा किंवा त्याहून जास्त वर्षंही घेऊ शकतं, आणि फुललं तरी फुलं आईसारखीच येतील याची खात्री नसते. दाब कलमाचं (फांदी मातीत दाबून केलेलं) किंवा डोळा भरलेलं (दुसऱ्या रोपावर कळी बसवून केलेलं) रोप त्यामानाने पुष्कळच लवकर फुलतं. तुमचं रोप कसलं आहे ते विक्रेत्याला विचारा, आणि पुढच्या वेळी घेताना आधी विचारा. 'ल्युटियस' किंवा 'ग्रँडिफ्लोरस' असं जातीचं नाव असेल तर ते कलमी असण्याची शक्यता जास्त, नुसतं विंटरस्वीट लिहिलेलं स्वस्त रोप बहुधा बियांचं असतं.

दुसरं, ऊन कमी. थंडीला हे झाड तसं कणखर आहे, पण फुलांसाठी त्याच्या नव्या फांद्या उन्हाळ्यात चांगल्या तापून पक्क्या व्हाव्या लागतात. जिथे उन्हाळा सौम्य असतो तिथे तर भिंतीला चिकटूनच लावावं, आणि भिंत अशी की जिला दुपारचं ऊन मिळतं, उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेली. सावलीत हे झाड जगतं, पानंही भरपूर येतात, पण फुलं नाहीत.

तिसरं कारण छाटणी, आणि हे सगळ्यात जास्त आढळतं. शरदात बाग आवरायला घेतली की लोक सगळ्यांबरोबर यालाही कात्री लावतात, आणि त्या कापलेल्या काड्यांवरच कळ्या असतात. तुम्ही दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये छाटत असाल तर दुसरं कारण शोधायची गरजच नाही. पहिली काही वर्षं याला कात्री लावूच नका, झाड मोठं झालं की फुलं संपल्यावर लगेच, वसंताच्या सुरुवातीला, जुन्या दोन-तीन फांद्या बुडातून काढा, बस. आणि शेजारी लॉन असेल तर बघा, लॉनचं खत नायट्रोजनवालं असतं आणि ते पावसाबरोबर मुळांपर्यंत जातं, मग झाड पानंच पानं काढत बसतं. विंटरस्वीटला मुळात फार खत लागत नाही, चुनखडीची जमीनही चालते, फक्त पाणी तुंबलेलं चालत नाही.

डॅफ्नी. हिचं काय सांगू, हिच्याइतकं वेड लावणारं आणि हिच्याइतकं अचानक सोडून जाणारं झुडूप दुसरं नाही. डॅफ्नी भोलुआ ही हिमालयातली, नेपाळात हिच्या सालीपासून कागद करतात, आणि बागांमध्ये जी सगळ्यात जास्त लावली जाते ती 'जॅकलीन पोस्टिल', इंग्लंडमध्ये हिलियरच्या नर्सरीत 1982 मध्ये ॲलन पोस्टिल यांनी निवडलेली आणि पत्नीचं नाव दिलेली. उभट, दोन ते तीन मीटर, पानं हिवाळ्यातही टिकणारी, गुलाबी-जांभळट कळ्या आणि आत पांढरट फुलं, मध्यहिवाळ्यापासून वसंतापर्यंत. दुसरी डॅफ्नी ओडोरा, बसकी, मीटर-दीड मीटरची, आणि तिची पिवळ्या काठाच्या पानांची 'ऑरिओमार्जिनाटा' जात साध्या जातीपेक्षा थंडीला जास्त तगडी. तिसरी डॅफ्नी मेझेरियम, पानं गळणारी, कडाक्याच्या थंडीत टिकणारी, हिवाळा संपता संपता निष्पर्ण काड्यांवर गुलाबी फुलं.

तुमची अचानक गेली म्हणता, तर एक करा, ती अजून जमिनीत असेल तर खणून काढा आणि मुळं बघा. मुळं तपकिरी, मऊ, हाताला लागली की साल सुटून येणारी असतील तर ती पाणी साचून कुजली. मुळं घट्ट असतील आणि मातीचा गोळा कोरडा ठणठणीत असेल तर पाणी पोचलंच नाही, कुंडीतून काढलेल्या रोपाच्या बाबतीत हे फार होतं, भोवतालची माती ओली असते आणि मधला कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा आतून कोरडा राहतो. आणि यातलं काहीच नसेल तर आठवून बघा की गेल्या काही महिन्यांत तिच्या बुडाशी कुणी कुदळ चालवली का, बाजूला काही नवीन लावलं का, जागेवरून हलवली का, जोरात छाटली का. डॅफ्नीला मुळांना धक्का लागलेला अजिबात सहन होत नाही. तण सुद्धा हाताने उपटायचं, खुरप्याने खोल जायचं नाही. आणि सगळं व्यवस्थित करूनही डॅफ्नी हे तसं कमी आयुष्याचंच झाड आहे, दहा-पंधरा वर्षं छान फुलली की पुष्कळ झालं, त्यामुळे एक रोप जोरात असतानाच दुसरं कुठेतरी लावून ठेवावं असं मी सगळ्यांना सांगतो.

लावताना लहान रोप घ्या. मोठं, फुलांनी भरलेलं रोप दुकानात मोहात पाडतं, पण कुंडीत मुळं गोल गोल फिरलेली असतात आणि डॅफ्नीत ती मोकळी करायला गेलात की तोच धक्का. छोटं रोप लवकर रुजतं आणि बऱ्याचदा मोठ्याला गाठतं. जागा अर्धसावलीची, मुळाशी गारवा राहील अशी, वर पालापाचोळ्याचं आच्छादन. माती चिकट असेल तर जमिनीच्या पातळीपेक्षा थोडा उंचवटा करून त्यावर लावा, नुसतं खड्ड्यात कंपोस्ट घालून भागत नाही, चिकणमातीत खणलेला आणि भुसभुशीत भरलेला खड्डा पावसाळी दिवसांत पाण्याची टाकी होतो. आणि जिथे आधीची मेली तिथेच परत दुसरी लावू नका.

डॅफ्नीचे सगळे भाग विषारी आहेत, फळं तर फारच, आणि मेझेरियमची लाल चकचकीत फळं लहान मुलांना बोलावतातच. घरात रांगती मुलं किंवा सगळं चावणारा कुत्रा असेल तर ही सध्या राहू द्या. छाटताना हातमोजे घाला, चीक कातडीला झोंबतो. विंटरस्वीटच्या बियाही विषारी असतात, तेवढं ध्यानात ठेवा.

आता ज्याला हे सगळे लाड जमणार नाहीत त्याच्यासाठी सार्कोकोका, याला स्वीट बॉक्स असंही म्हणतात. मला कुणी विचारलं की एकच झुडूप लावायचंय, कुठलं लावू, तर मी डोळे झाकून हे सांगतो. सदाहरित, चकचकीत गडद पानं, सावली चालते, मोठ्या झाडाखालची कोरडी सावली चालते जिथे दुसरं काही नांदत नाही, चुनखडी चालते, छाटणी जवळपास नाहीच. फुलं इतकी बारीक की बघायला गेलं तर पानाच्या बगलेत पांढऱ्या पुंकेसरांचा एक झुबका, बाकी काही नाही, आणि वास मात्र मधासारखा, आडोशाच्या जागी चांगला काही मीटरवर येणारा. पाहुणे दारात उभे राहून हा वास कुठून येतोय म्हणून इकडे तिकडे बघत राहतात आणि झुडूप पायाशीच असतं. सार्कोकोका कन्फ्युझा दीड-दोन मीटरपर्यंत जाते पण सावकाश, काळी फळं आणि नवी फुलं एकाच वेळी अंगावर असतात. हूकेरियानाची 'ह्युमिलिस' अर्धा मीटरच्या आसपास राहते आणि जमिनीखालून फुटवे काढत पसरते, वाटेच्या कडेला रांगेने लावायला उत्तम. 'डिगायना'ची पानं अरुंद, खोडं जांभळट, उंची मीटरभर ते दीड. पहिली दोन वर्षं काहीच होत नाही असं वाटतं, धीर धरा, नंतर ती भरते. कडक उन्हात मात्र पानं पिवळट होतात. आणि बॉक्सवुडच्या (कुंपणाला लावतात ते बारीक पानांचं सदाहरित झुडूप) कुळातलंच झाड असल्यामुळे त्याचा करपा यालाही लागू शकतो, शेजारी बॉक्सवुडचं कुंपण करप्याने जळत असेल तर अंतर ठेवा.

बाकीची पटापट सांगतो. व्हायबर्नम बोडनान्टेन्स 'डॉन', वेल्समधल्या बोडनान्ट बागेत 1935 च्या सुमारास तयार झालेलं, गुलाबी फुलांचे घोस पानगळीपासून मार्चपर्यंत थांबून थांबून येतात, एक लाट दंवाने गेली की पुढची ऊब आल्यावर परत, त्यामुळे पूर्ण हंगाम वाया असं कधी जात नाही. तीन मीटरची जागा पाहिजे, कुठलीही बरी माती चालते, आणि दरवर्षी फुलं संपल्यावर पाचातली एक जुनी फांदी बुडातून काढायची म्हणजे झाड तरुण राहतं. विंटर हनीसकल, म्हणजे लॉनिसेरा फ्रॅग्रँटिसिमा किंवा संकरित परप्युसी 'विंटर ब्युटी', दिसायला अगदी सामान्य, उन्हाळ्यात तर रानटी झुडूपच वाटतं, पण वास लिंबाच्या अंगाचा, ताजा, आणि मरता मरत नाही. फक्त अमेरिकेच्या काही भागांत फ्रॅग्रँटिसिमा बागेबाहेर पसरून जंगलात शिरलंय, तेव्हा तुमच्याकडे त्याला परवानगी आहे ना ते बघून घ्या. महोनिया काटेरी पानांचं, सदाहरित, पिवळ्या फुलांचे लांब तुरे, आणि इथे एक लक्षात ठेवा, दिसायला 'चॅरिटी' आणि 'विंटर सन' या जाती जास्त भपकेबाज पण वासाला महोनिया जॅपोनिका जास्त चांगलं. हिवाळ्यात बाहेर पडणाऱ्या माश्यांना याच्याइतकं खाणं कुठे मिळत नाही, उन्हाच्या दुपारी तुऱ्यांवर गुणगुण ऐकू येते. काटे लागतात म्हणून वाटेला अगदी चिकटून नको, हातभर मागे.

आणि एजवर्थिया क्रिसँथा, डॅफ्नीच्या नात्यातलं, शरदापासूनच फांद्यांच्या टोकांना चंदेरी लव असलेले कळ्यांचे गुच्छ लटकत असतात आणि हिवाळा संपता संपता ते पिवळे होऊन उघडतात. फांद्या इतक्या लवचिक की सैलसर गाठ मारता येते, मोडत नाही. जपानमध्ये नोटांच्या कागदासाठी याची साल वापरतात. पण याला आडोसा पाहिजेच, कडक थंडीत कळ्या जातात, आणि उन्हाळ्यात पाणी थोडं कमी झालं की पानं माना टाकतात.

थंडीचा अंदाज मोटामोटी असा धरा. उणे वीस किंवा त्याच्याही खाली पारा जात असेल तर हॅमॅमेलिस मॉलिस, विंटर हनीसकल, डॅफ्नी मेझेरियम, व्हायबर्नम 'डॉन' एवढ्यातच निवड करा. उणे दहा-बाराच्या आसपास थांबत असेल तर विंटरस्वीट, सार्कोकोका, बहुतेक महोनिया चालतील, एजवर्थिया आणि डॅफ्नी ओडोरा भिंतीच्या आडोशाला. भोलुआला उणे सात-आठपर्यंत निवांत धरा, त्याखाली जोखीम. आणि जिथे दंवच पडत नाही तिथे विच हेझलच्या किंवा व्हायबर्नमच्या नादी लागू नका, त्यांना फुलायला थंडीचे आठवडे मोजून मिळावे लागतात, ते नाही मिळाले तर झाड पानांतच अडकतं. अशा उबदार ठिकाणी ऑस्मँथस फ्रॅग्रन्स लावा, बारीक फुलं आणि जर्दाळूसारखा वास, सौम्य थंडीत तो शरदापासून पुढे हिवाळ्यातही लाटालाटांनी फुलत राहतो, किंवा आपला कुंद लावा, त्याचा वास मोगऱ्यासारखा जोरकस नसतो पण ऐन थंडीत झुडूप पांढरंशुभ्र होतं. सासान्क्वा कमेलियाही तिथे चालेल, कमेलियात वास असणाऱ्या मोजक्या प्रकारांपैकी तो आहे, फक्त माती आम्ल पाहिजे.

खरेदी हिवाळ्यातच करा, झाड फुलावर असताना, आणि स्वतः हुंगून. एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या दोन रोपांच्या वासात फरक असू शकतो, आणि माणसामाणसाच्या नाकातही फरक असतो, एकाला जो वास जबरदस्त वाटतो तो दुसऱ्याला येतच नाही, त्यामुळे घरात ज्या कुणासाठी लावताय त्यालाही सोबत न्या. रोप बघताना फुलांच्या आधी बुंधा बघा, कलमाचा जोड गुळगुळीत भरून आलाय का, खालून फुटवे आहेत का, कुंडीच्या तळाच्या भोकातून जाड मुळं बाहेर आलीत का.

लावणी जमीन गोठलेली किंवा चिखल झालेली नसेल तेव्हा, शरदात केली तर सगळ्यात बरं, कारण माती अजून उबदार असते आणि मुळं उन्हाळ्याआधी पसरतात. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद पण तेवढाच खोल, रोप कुंडीत जेवढं मातीत होतं तेवढंच इथेही. लावायच्या आधी मुळांचा गोळा बादलीभर पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. वर पाच-सात सेंटीमीटर पालापाचोळ्याचं किंवा सालींचं आच्छादन, खोडाला न टेकवता. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, रोज शिंतोडे उडवून काही होत नाही, मुळं वरच राहतात.

कुंडीत लावायचं म्हणाल तर सार्कोकोका अगदी बिनधास्त, दारापाशी दोन कुंड्या ठेवल्या की काम झालं. डॅफ्नी ओडोरा काही वर्षं राहते. विंटरस्वीट आणि विच हेझल कुंडीत कायमची ठेवू नका. कुंडीतलं एक लक्षात घ्या, जमिनीत मुळांना मातीची ऊब मिळते, कुंडीत चारी बाजूंनी थंडी लागते, त्यामुळे जी थंडी जमिनीतलं झाड हसत झेलतं ती कुंडीतल्या झाडाला मारू शकते. कडाक्याच्या रात्री कुंडी भिंतीशी सरकवा किंवा गोणपाटाने गुंडाळा.

नवीन रोपं करायची असतील तर सार्कोकोका 'ह्युमिलिस'चे फुटवे मुळांसकट वेगळे करा, सोपं आहे. विंटर हनीसकल आणि व्हायबर्नमच्या पक्व काड्या पानगळीनंतर जमिनीत रोवल्या तर बऱ्याच लागतात. विंटरस्वीटच्या काड्या सहजी मुळं धरत नाहीत, त्याला खालची फांदी वाकवून, सालीला छोटा काप देऊन मातीत दाबायची आणि वर दगड ठेवून विसरायचं, वर्ष-दोन वर्षांनी वेगळं करता येतं. विच हेझलचं कलम करणं हे सरावाचं काम आहे, ते विकतच घ्या.

तर तुमच्या बागेसाठी माझा सल्ला असा. विंटरस्वीटला ऊन मिळत असेल तर काढू नका, दोन हिवाळे कात्री न लावता आणि लॉनचं खत लांब ठेवून थांबा, तेवढ्यात बुडाशी एखादी फांदी असेल तर दाब कलम करून ठेवा. जागाच सावलीची असेल तर पानगळ झाल्यावर मोठा गोळा धरून उन्हातल्या भिंतीशी हलवा, चार वर्षांचं झाड अजून हलवता येतं, नंतर अवघड. विच हेझल आधी वर सांगितल्याप्रमाणे दुपारी हुंगा आणि खुंटाचे फुटवे तपासा, ते लालच असेल तर रंगासाठी राहू द्या आणि वासासाठी पिवळं दुसरीकडे बघा, पण त्याला तीन-चार मीटर रुंदी लागते हे मोजून घ्या. दाराच्या दोन्ही अंगांना सार्कोकोका, ती याच हंगामात आणा. आणि डॅफ्नी परत लावणारच असाल, आणि लावाच असं मी म्हणेन, तर मुळं तपासून कारण कळल्यावर लावा, वेगळ्या जागी, उंचवट्यावर, छोटं रोप, आणि तिच्याभोवती हातभर जागेत पुन्हा काही खणायचं नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.